बखर आणि डेटाशीट

उसाचा हंगाम सुरू झाला की श्रीपूरच्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मालमोटारी ह्यांची रांग लागते, आणि त्या रांगेतला प्रत्येक माणूस शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो : वजनकाट्यावर. काट्याच्या केबिनमध्ये एका लहानशा पेटीवर तांबडे आकडे उमटतात. ते आकडे म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष. सोळा टनांच्या खेपेत शेकडा एकाची चूक धरली तरी एकशे साठ किलो ऊस हवेत विरतो, आणि अशा खेपा हंगामभर चालू असतात. म्हणून साखरपट्ट्यात 'काटा मारणे' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की तो लाक्षणिक अर्थानेही सर्रास वापरला जातो. येथे कोणत्याही एका कारखान्याविषयी आम्हांला काही म्हणावयाचे नाही. संशय हा साऱ्या पट्ट्याचाच स्थायीभाव आहे. आमचे लक्ष वेधले ते संशयाच्या निवारणाकडे. जाणता शेतकरी काय करतो? आधी दुसऱ्या एखाद्या खाजगी काट्यावर वजन करून घेतो आणि मगच कारखान्याच्या काट्यावर गाडी घालतो. दोन साक्षी, दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. इतिहासाच्या पद्धतिशास्त्राचा पहिला धडा तो कोणत्याही विद्यापीठात न जाता गिरवतो.

जुना काटा तरफांचा होता. त्याचे दांडे, वजने, सुया डोळ्यांना दिसत. कोठे अडकले, कोठे गंजले हे वाकून पाहता येई. आजच्या काट्याखाली 'लोडसेल' असतात. पोलादाच्या ठोकळ्याला चिकटवलेली बारीक तार भाराने किंचित ताणली जाते, तिचा विद्युत्‌रोध किंचित बदलतो, त्यातून काही मिलिव्होल्टांचा संकेत निघतो, तो वाढवून त्याचे अंकांत रूपांतर होते आणि पुढे संगणक पावती छापतो. ह्यांतली एकही पायरी डोळ्यांना दिसत नाही. तरफेच्या काट्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे शेतकरी स्वतः ठरवू शकत होता. लोडसेलच्या काट्याविषयी त्याला कोणाला तरी विचारावे लागते. कोणाला? वैधमापन खात्याचा निरीक्षक ठरावीक मुदतीने प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतो आणि मुद्रा मारतो, ही एक साक्ष. पण मुद्रा त्या दिवशीच्या काट्याची असते, हंगामातल्या मध्यरात्रीच्या काट्याची नव्हे, असे म्हणणारे लोकही भेटतात आणि त्यांना निरुत्तर करणे सोपे नाही.

संगणकाच्या यंत्रसामग्रीविषयी (हार्डवेअरसाठी हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, पण तूर्त चालवून घेऊ) खात्रीची माहिती मराठी माणसाला कोठून मिळत आली, हा प्रश्न आम्हांला ह्या काट्यापाशी सुचला. प्रश्न तांत्रिक वाटतो. परंतु त्याचे मूळ साधनचिकित्सेत आहे आणि साधनचिकित्सा ही साहित्याच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांची घरचीच विद्या आहे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांच्या प्रस्तावनेचा रोख बखरींवर होता. बखरकार पुष्कळदा प्रसंगानंतर कित्येक वर्षांनी लिहितो, कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहितो, आणि आकडे सांगताना त्याचा हात सढळ असतो. त्याच्या उलट पानिपताच्या मोहिमेत छावणीतून धाडलेले पत्र : घाईचे, रुक्ष, धान्याच्या भावाने भरलेले, पण अस्सल. यंत्रांच्या जगातही बखर आणि अस्सल कागद असे दोन वर्ग आहेत. विक्रेत्याचे रंगीत पत्रक ही बखर. चिप बनवणाऱ्याने अभियंत्यांसाठी छापलेली डेटाशीट, ज्यात कोणत्या पायावर किती व्होल्ट आणि किती अंश तापमानापर्यंत हमी हे कोष्टकाने दिलेले असते, ती अस्सल पत्रासारखी : वाचायला कंटाळवाणी, आणि म्हणूनच बरीचशी विश्वसनीय.

बखर म्हणजे खोटे, असे मात्र नव्हे. मराठीत यंत्रांविषयी सर्वांत जिव्हाळ्याने लिहिणारे नियतकालिक एका कारखान्याच्या घरातच जन्मले. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली ती लोखंडी नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याची बातमीदार म्हणून. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते अशी समजूत ज्या शेतकऱ्यांत होती म्हणून सांगतात, त्यांच्यापुढे नांगराची माहिती ठेवणारा आणि नांगर विकणारा एकच होता. १९२९ पासून ते नुसते 'किर्लोस्कर' झाले आणि शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचा भाग बनले. विक्रेत्याला माल दहा वर्षे टिकवायचा असेल, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दारात येणार असेल, तर विक्रेत्याची साक्षही बऱ्यापैकी खरी निघते. नांगराच्या बाबतीत ही अट पुरी होत होती. संगणकाच्या बाबतीत ती क्वचितच झाली.

ह्या इतिहासाचे पहिले प्रकरण मात्र उमदे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यावर तरुणांचा एक लहान गट संगणक बांधायला बसला. रं. नरसिंहन्‌ त्यांचे नेतृत्व करीत होते. संगणक बांधण्याचा अनुभव गाठीशी नव्हता. बाजारात विकत घेऊन उघडून पाहावे असे यंत्र नव्हते. तरीही १९५६ च्या अखेरीस प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९६० साली पूर्ण यंत्र कामाला लागले, आणि १९६२ साली नेहरूंनी त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नलिका, ४० द्विमान अंकांचा एक शब्द, आणि असे २,०४८ शब्द मावतील एवढी स्मृती. आजच्या कोणत्याही भ्रमणध्वनीपुढे ही स्मृती म्हणजे शून्यच.

हे त्यांना साधले कसे? उत्तराचा मोठा भाग एका अहवालात आहे. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन ह्या तिघांनी १९४६ साली इलेक्ट्रॉनिक गणनयंत्राची तार्किक रचना तपशीलवार लिहून काढली आणि ती स्वतःपाशी दडवून न ठेवता मोकळेपणाने वाटली. त्यांच्यात आणि इतरांत एकस्वाचे वाद झाले, ते वेगळे. पण अहवाल सार्वजनिक राहिले. त्यांच्या आधाराने इलिनॉयमध्ये, स्टॉकहोममध्ये, सिडनीत, इस्राएलच्या वाइझमन संस्थेत यंत्रे उभी राहिली. एकाच मूळ संहितेच्या ह्या शाखा म्हणता येतील. टिफरॅक त्याच कुळातले. तथापि मुंबईकरांनी मक्षिकास्थाने मक्षिका केलेली नाही, हे लक्षात घेण्याजोगे. प्रिन्स्टनच्या यंत्राची स्मृती ऋणकिरण नलिकांच्या पडद्यावर ठेवलेली होती. टिफरॅकमध्ये फेराइटच्या बारीक कड्यांची, तेव्हा नवी असलेली चुंबकीय स्मृती वापरली गेली. चांगले साधन वाचणाऱ्याला असे स्वातंत्र्य देते. ज्याला कारण कळले आहे तोच बदल करू शकतो. नुसती कृती कळलेल्याला जशीच्या तशी नक्कल करावी लागते.

पुढच्या दोन दशकांत हे स्वातंत्र्य आकुंचले. कचेऱ्यांत आणि गिरण्यांत जे संगणक आले ते मुख्यतः आयबीएमचे, आणि ते विकत नव्हे तर भाड्याने. १४०१ ह्या नमुन्याची, इतरत्र वापरून परत आलेली यंत्रे येथे नव्याने जोडून भाड्याने दिली जात. ह्यावरून संसदेच्या समितीपर्यंत टीका झाली. आमच्या मते त्या टीकेत जुन्या मालापेक्षा महत्त्वाची गोष्ट थोडी मागे पडली. यंत्र भाड्याचे असले की त्याचे झाकण उघडण्याचा अधिकार भाडेकऱ्याला नसतो. दुरुस्तीला कंपनीचा माणूस येई, कंपनीची पुस्तिका आणी आणि परत नेई. ज्ञान त्या कातडी पिशवीत येई आणि तिच्यातूनच जाई. १९७८ साली आयबीएमने भारतातला पसारा आवरला तेव्हा चालू असलेल्या यंत्रांची देखभाल सरकारी 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन'कडे आली. ती संस्था १९७५ मध्येच स्थापन झालेली होती. ह्या देखभालीतून भारतीय तंत्रज्ञांची एक पिढी तयार झाली. यंत्र ज्याला बंद पडू द्यायचे नाही त्याला ते समजून घ्यावेच लागते. दुरुस्ती हीदेखील एक प्रकारची पाठचिकित्साच आहे : जेथे अर्थ लागत नाही तेथेच संहितेची घडण उघडी पडते.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली, तीही आयबीएमच्याच हातून. १९८१ साली त्या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याबरोबर एक तांत्रिक संदर्भपुस्तिकाही विक्रीस ठेवली. तिच्यात यंत्राची संपूर्ण विद्युत्‌मंडले होती आणि यंत्र जागे होताना जी मूळ आज्ञावली चालते तिची ओळीन्‌ओळ छापलेली होती. जणू मुख्य प्रधानाने आपले दफ्तर स्वतः होऊन राजवाड्यांच्या हाती द्यावे! जगभर जे 'सुसंगत' संगणक निघाले, मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास सुटे भाग जोडून जे विकले गेले, त्या साऱ्यांच्या वंशावळीत ही पुस्तिका आहे. त्याच सुमारास तंत्रनिकेतनांतल्या मुलांच्या हाती रमेश गावकर ह्यांचे ८०८५ ह्या सूक्ष्मप्रक्रियकावरचे पुस्तक आले. १९८४ साली ते प्रथम अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि भारतीय आवृत्तीतून येथे पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्याचे इंग्रजी साधे आहे. एक संकेत कोणत्या क्षणी कोणत्या तारेवर चढतो आणि कोणत्या क्षणी उतरतो हे त्यात इतक्या सबुरीने सांगितले आहे की आम्हांसारख्या वाङ्मयाच्या माणसालाही ते समजते. पुण्यात संगणक परम ८००० उभा राहिला (१९९१) तोही खाजगी गूढविद्येतून नव्हे. ब्रिटिश इन्मॉस कंपनीचे, ज्यांची कागदपत्रे उपलब्ध होती असे ट्रान्सप्युटर जोडून तो बनला.

बखरींचा सुकाळ झाला तो १९९० नंतर, संगणक घरात आल्यावर. दुकानदाराच्या तोंडी मेगाहर्ट्झ आले. जास्त मेगाहर्ट्झ म्हणजे जास्त वेगवान, हे समीकरण २००० च्या नोव्हेंबरात पेंटियम ४ आला तेव्हा उघडपणे मोडले. आरंभीचे काही पेंटियम ४ कित्येक कामांत कमी मेगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्या मागे पडत. ८० गिगाबाइटची तबकडी घरी आणावी तर संगणक ७४.५ दाखवी : विकणारा हजाराने मोजत होता, संगणक एक हजार चोवीसने. येथे कोणीच खोटे बोलत नव्हते, पण गिऱ्हाइकाला फसल्यासारखे वाटे. ध्वनिक्षेपकांच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजार-हजार वॉट छापलेले असत. त्या शब्दाची सर्वमान्य व्याख्याच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे तो आकडा खोटा ठरवणेही अशक्य होते. लाखाच्या फौजेचा आकडा सांगणाऱ्या बखरकाराने हे खोके पाहिले असते तर त्याला आपला वंश चालू असल्याचे समाधान लाभले असते.

त्यातला एक अनुभव आमचा. २००३ च्या उन्हाळ्यात आमचा जोडणीचा संगणक मधूनच आपोआप बंद पडून पुन्हा चालू होऊ लागला. विक्रेत्याने फोनवरच निदान केले : "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे." श्रीपुरात विजेचा लपंडाव असल्याने हे आम्हांला पटले आणि आम्ही एक स्टॅबिलायझर घेतला. फरक पडला नाही. शेवटी ओळखीतल्या एका इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला बोलावले. हंगाम संपलेला, त्यामुळे त्यांना सवड होती. त्यांनी झाकण काढले, मदरबोर्डावर बॅटरीचा उजेड पाडला आणि प्रक्रियकाशेजारच्या नळकांड्यांकडे बोट दाखवले. पाच-सहा कपॅसिटरांची डोकी फुगली होती. एकातून तपकिरी द्रव बाहेर आला होता. "ह्याला व्होल्टेज काय करणार, दादा? पाणीच खराब भरलंय आत." त्यांनी १०५ अंशांची हमी असलेले नवे कपॅसिटर सोलापूरहून मागवून बसवले. संगणक पुढे सहा वर्षे चालला. स्टॅबिलायझर अजून माळ्यावर आहे.

मेकॅनिकांचे निदान शब्दशः खरे होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. काही उत्पादकांच्या कपॅसिटरांत सदोष विद्राव भरला गेला होता आणि जगभर मदरबोर्ड फुगत होते. 'आयईईई स्पेक्ट्रम'ने २००३ च्या फेब्रुवारीतच त्यावर लिहिले होते. म्हणजे आम्ही स्टॅबिलायझर विकत घेत होतो तेव्हा अस्सल कागद उपलब्ध होता. फक्त तो श्रीपुरात नव्हता, मराठीत नव्हता, आणि असता तरी तो शोधावा कोठे हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्या मेकॅनिकांनीही तो लेख वाचलेला नव्हता. त्यांनी कपॅसिटर वाचला होता.

उत्पादक स्वतःच साक्षीदार असतो तेव्हा काय होते, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण ह्याआधीचे, १९९४ चे आहे. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात टॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या अविभाज्य संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. उत्तरे जुळेनात. त्यांनी आधी स्वतःच्या आज्ञावलीवर संशय घेतला, मग अनुवादकावर, मग यंत्राच्या इतर भागांवर. एकेक साक्षीदार निर्दोष ठरवीत ते पेंटियमच्या भागाकारापाशी पोहोचले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर १.३३३८२ यायला हवे, पेंटियम १.३३३७३ सांगे, हे उदाहरण पुढे गाजले. चिपमध्ये कोरलेल्या भागाकाराच्या कोष्टकात काही नोंदी गळाल्या होत्या. लेखनिकाच्या हातून ओळ सुटावी तसा हा स्खलनाचा प्रकार. इंटेलला दोष आधीच आढळला होता, पण तो जाहीर केलेला नव्हता. नाइसलींनी ऑक्टोबराच्या अखेरीस सहकाऱ्यांना पत्रे लिहिली आणि गोष्ट फुटली.

तेव्हा इंटेलने सांगितले की सामान्य वापरणाऱ्याला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. डिसेंबरात आयबीएमने आपल्या हिशेबाने सांगितले की २४ दिवसांत एकदा. सत्तावीस हजार वर्षे आणि चोवीस दिवस! एकाच चिपविषयी, दोन नामांकित कंपन्यांची, दोन्ही गणिताने सिद्ध केलेली विधाने. इंटेलला माल परत घ्यायचा नव्हता. आयबीएम पेंटियमचे संगणक विकत असली तरी प्रतिस्पर्धी चिपमध्येही तिचा हात होता. पेशवे दफ्तर आणि निजामाचा अखबारनवीस एकाच लढाईविषयी लिहितात तेव्हा जे होते तेच. ज्याचा कसलाच व्यापार नव्हता, ज्याला फक्त आपली बेरीज बरोबर यायला हवी होती, त्या प्राध्यापकाची साक्ष टिकली. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे कबूल केले, त्यापायी ४७.५ कोटी डॉलर्स बाजूला काढावे लागले.

आता मराठीकडे येऊ. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. पण कोश अकारविल्हे चालतो आणि 'संगणक' हा शब्द 'स'मध्ये पडतो, त्या अक्षरापर्यंत पोहोचेतो एकविसावे शतक उजाडले होते. ह्यात कोणाचा दोष नाही, वर्णमालेचा असेल तर असेल. मूळचे सोलापूरचे अच्युत गोडबोले ह्यांनी 'ऑपरेटिंग सिस्टिम्स'सारखे पाठ्यपुस्तक इंग्रजीत लिहिले आणि 'संगणकयुग' मराठीत. ही वाटणी आम्हांला सूचक वाटते. मराठीत संगणकाचे युग आले, त्याचे समाजावरील परिणाम आले, त्याची स्तुती आणि भीती आली; मंडल मात्र इंग्रजीतच राहिले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि पुढे एमएस-सीआयटीची केंद्रे खेडोपाडी निघाली. लाखो मुलांनी माउस धरायला शिकून घेतले. झाकण उघडून पाहणे त्या अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट नव्हते.

नियतकालिकांतली परीक्षणे हा त्यातल्या त्यात बरा आधार होता. 'पीसी क्वेस्ट', 'डिजिट' ही इंग्रजी मासिके चाचण्या घेऊन आकडे छापत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती मिळत. पण येथे सुकथनकरांची आठवण ठेवावी लागते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्यांनी हस्तलिखितांची नुसती संख्या मोजली नाही. त्यांचे कूळ पाहिले. एकाच प्रतीवरून उतरवलेल्या वीस पोथ्या म्हणजे वीस साक्षी नव्हेत, एकच साक्ष. कंपनीने धाडलेल्या एकाच पत्रकावरून दहा ठिकाणी दहा परीक्षणे लिहिली गेली तर त्यांचीही गत तीच. आणि ह्या पोथ्यांचे कूळ ओळखण्याची खूण जुनीच आहे : सामायिक चूक. जी चूक मूळ पत्रकात आहे तीच दहाही ठिकाणी उतरलेली असते. आज परीक्षणे चलच्चित्रांच्या रूपाने येतात, मराठीतूनही येतात आणि त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. तरी परीक्षकाने ते यंत्र विकत घेतले की त्याला ते धाडण्यात आले, आणि त्याने मोजले की वाचून दाखवले, एवढे दोन प्रश्न विचारले की बरेच पीक निवडून निघते.

इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आता निवृत्त झाले आहेत. गेल्या हंगामात आम्ही त्यांना काट्याविषयी विचारले : तुम्ही आयुष्यभर ही यंत्रे उघडली, मग शेतकऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा? ते म्हणाले, भरलेली गाडी काट्यावर एकदा पुढच्या टोकाला उभी करायची, एकदा मागच्या टोकाला. आकडा बदलला तर खालच्या चारांतला एखादा लोडसेल बिघडला आहे, हे डेटाशीट न वाचताही कळते. मग थोडे थांबून म्हणाले, "पण रांगेत मागं चाळीस ट्रॅक्टर असतात. गाडी दोनदा उभी करू देतंय कोण?"